रोज येणाऱ्याचे ताट

सुटीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या तोंडी हल्ली एक प्रश्न हमखास असतो. गर्दी नसेल असे ठिकाण कुठले, आणि तिथले खरे, स्थानिक जेवण कुठे मिळेल? प्रश्न रास्त आहे. महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मे महिन्यात चालायला जागा नसते आणि तिथल्या जेवणाच्या फलकांवर पंजाबी, गुजराती, चायनीज असे सगळे असते. साताऱ्याच्या डोंगरातले फारच थोडे. मात्र या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते. गावोगावी चांगले स्थानिक जेवण पूर्वापार मिळत होते, पर्यटनाने ते बिघडवले, आणि आता ते कुठल्यातरी आडगल्लीत लपून बसले आहे, अशी ती समजूत. इतिहास पाहिला तर ती टिकत नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात परक्या माणसाला पैसे देऊन गावचे जेवण विकत घेण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. ती सोय निर्माण झाली घरापासून तुटलेल्या माणसांसाठी: गिरणीत खपणाऱ्या, शिकायला आलेल्या, बाजाराला किंवा कोर्टकचेरीला आलेल्या माणसांसाठी. हौशी प्रवासी त्या पंगतीत फार उशिरा येऊन बसला. स्थानिक चव कुठे टिकते आणि कुठे हरवते, याचे उत्तर मला या इतिहासात सापडते.

रेल्वेपूर्व काळातला प्रवासी गावात आला की धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर उतरे. बरोबर शिधा असे, नाहीतर वाण्याकडून तो विकत घेतला जाई. तीन दगडांची चूल मांडायची, भात किंवा भाकरी करायची, पुढची वाट धरायची. क्षेत्राच्या ठिकाणी तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांची उतरण्याजेवण्याची व्यवस्था करत, पण ते नाते पिढीजात असे आणि जातीच्या चौकटीतले असे. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे नाही, हे नियम इतके कडक होते की अनोळखी स्वयंपाकघरातले अन्न ही प्रवासातली मौज नसून धास्ती होती. परगावी शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला पुण्यात माधुकरी मागावी लागे, किंवा आठवड्यातल्या सात दिवसांसाठी सात घरी वार लावून जेवावे लागे. यात पैशाचा व्यवहार नव्हता. ओळख, दया आणि जात यांचा होता. ज्याला यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते, त्याची सोय कोणी केलेली नव्हती. म्हणजे पूर्वीचा प्रवासी ज्या मुलुखातून जाई तिथले जेवण बहुधा जेवतच नसे. तो आपलेच घर शिदोरीत बांधून नेत असे.

हे बदलले ते मुंबईत. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, 1854 साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची चिमणी शेजारी चिमणी उभी राहिली. कामाला माणसे आली रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून. आली ती बहुतेक एकटी. बायको-मुले गावाकडे, शेताच्या तुकड्याला धरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या साडेपाचशेच्या आगेमागे दिसते. 1921 साली ती आणखी खाली गेली होती. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या दहा-वीस पुरुषांना चूल पेटवायला ना जागा होती ना वेळ. बैठकीच्या खोलीत एका गावचे किंवा एका वाडीचे लोक भाडे वाटून राहत, आणि त्यांच्या जेवणाचा प्रश्न शेजारच्या चाळीतली एखादी बाई सोडवी. ती बहुतेकदा त्यांच्याच भागातली असे. कोणी विधवा, कोणाचा नवरा आजारी किंवा बेकार. अशा रीतीने खानावळवाली हा मुंबईचा एक व्यवसाय झाला.

या व्यवसायाची रीत नीट पाहण्यासारखी आहे, कारण चवीचे रहस्य तिच्यात आहे. गडी महिन्याच्या बोलीवर जेवत असे. पैसे पगार झाल्यावर मिळत. तोवर तांदूळ, डाळ, तेल वाण्याकडून उधारीवर येई. गडी गावाला गेला तर तितके खाडे धरून पैसे कमी होत. पहिल्या पाळीवाल्याला पहाटे डबा, रात्रपाळीहून आलेल्याला सकाळी गरम जेवण, असे चूल जवळजवळ अखंड पेटलेली. घाटावरच्या माणसाला भाकरी आणि कोरड्यास हवे, कोकणातल्याला भात आणि आंबट तिखट कालवण; खानावळवाली तेच करी, कारण तिलाही तेच येत होते. आणि जेवणारा कसा होता? त्याला त्या आमटीची चव लहानपणापासून माहीत होती. नारळ कमी पडला, मसाला जळका निघाला, तर त्याला पहिल्या घासाला कळे. तो उद्या पुन्हा येणार होता, परवाही येणार होता, आणि जमले नाही तर महिनाअखेर दुसरी खानावळ धरणार होता. रोज परीक्षा घेणारा असा गिऱ्हाईक कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकापेक्षा चव सांभाळण्याचे काम अधिक कठोरपणे करतो.

हे नाते नुसत्या चवीचे नव्हते, याचा पुरावा संपांच्या इतिहासात आहे. संप झाला की पगार थांबे, आणि पगार थांबला तरी खानावळी बंद होत नसत. सत्तरच्या दशकातल्या गिरणी संपांत या बायकांनी उधारीवर माणसे जेवू घातली, त्यासाठी दागिने आणि भांडी गहाण टाकली, सावकाराचे जबर व्याज सोसले. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे जवळून पाहिले. गिरणी कामगाराची संघटना आहे, पण त्याला जेवू घालणारीची कुठेच गणती नाही, हे त्यांना खटकले. 1975 साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. 1969 साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, गरिबांना कर्ज देण्याचे धोरण जाहीर झालेले होते. त्याचा आधार घेऊन खानावळवाल्यांचे गट एकमेकींना जामीन राहिले आणि बँकेची दारे त्यांच्यासाठी उघडली. 1982 च्या जानेवारीत कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या गेल्या, गडी गावाला परतले किंवा विखुरले, आणि त्यांच्याबरोबर खानावळींची ती पंगतही उठली. काही बायकांनी पोळीभाजी केंद्रे चालवली, काहींनी कचेऱ्यांना डबे पुरवले. महाराष्ट्राच्या खाद्येतिहासात मोठमोठ्या शेफांची नावे लिहिली जातात आणि या बायकांचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो, हा अन्याय आहे.

आता याच्या शेजारी महाबळेश्वर ठेवून पाहावे. कृष्णेचा उगम सांगणारे क्षेत्र महाबळेश्वर जुने आहे. तिथे यात्रेकरू येत आणि आपली चूल आपण मांडत. पेठ मात्र वेगळ्या हेतूने वसली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा मिळवली आणि 1828-29 च्या सुमारास साडेचार हजार फुटांवर गोऱ्या साहेबांसाठी थंड हवेचे ठाणे उभारले. बाजारपेठेला माल्कमपेठ हे नाव पडले. साहेबाला त्याच्या देशातल्यासारखा भाजीपाला हवा होता. तो पिकवण्याच्या कामी आग्नेय आशियातून आणलेले चिनी कैदी लावले गेले, बटाटा आणि विलायती भाज्यांचे मळे झाले, पुढे स्ट्रॉबेरी आली. आसपासच्या डोंगरांत राहणारे कोळी, कुणबी, लोखंड गाळणारे धावड नाचणी-वरीवर जगत होते, जंगलातला मध काढत होते. त्यांचे अन्न पेठेत विकायला येण्याचे कारणच नव्हते, कारण पेठेत येणाऱ्याला ते नको होते. म्हणजे महाबळेश्वरचे जेवण पर्यटनाने बिघडले असे म्हणणे चूक ठरेल. बाजारपेठ पहिल्या दिवसापासून पाहुण्याच्या जिभेसाठीच मांडलेली होती. साहेब गेला, मुंबई-गुजरातचे कुटुंब आले, आणि फलकावरचे पदार्थ बदलले. पाहुणा मागेल ते वाढायचे ही रीत तीच राहिली. 2010 साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले, 2022 साली जवळच्या मांघरला मधाचे गाव म्हणून मान मिळाला. दोन्ही गोष्टी आता तिथल्याच आहेत, पण त्यांची खरी ओळख शेतकऱ्याच्या बांधावर होते. पेठेतल्या क्रीमच्या पेल्यात ती होत नाही.

कोकणची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मालवणी जेवण म्हणून आज जे ताट ओळखले जाते, त्यात तळलेली सुरमई, कोंबडी-वडे, सोलकढी येते. माझे मत असे की या ताटाला हॉटेलचे रूप आधी मुंबईत आले, गिरणगाव आणि दादरच्या खानावळींत, आणि ते सिंधुदुर्गात परत गेले ते पर्यटनाबरोबर. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वेची संपूर्ण वाट खुली झाली, आणि चाकरमान्याच्या गावात पर्यटक उतरू लागला. त्याआधी खेड्यात बाहेर जेवायचे कारणच कोणाला नसे. बाजाराच्या दिवशी चहा, भजी, उसळ-पाव यांवर भागे. घरात शिजे ते वेगळे: सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिकले, मासळी नसेल तेव्हा सुकट. यातले पेज आणि पिठी पर्यटकाच्या ताटात क्वचित दिसतात, कारण ते सणाचे अन्न नाही आणि महाग दिसत नाही. पाहुण्याला सणाचे ताट वाढणे ही आपली संस्कृतीच आहे. फरक एवढाच की घरचा पाहुणा दोन दिवसांनी पेजेला बसतो. पर्यटक मात्र तोवर पुढच्या किनाऱ्याला गेलेला असतो.

पावसाळा आला की दोन्ही ताटांतले अंतर उघड होते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्र खवळलेला असतो, म्हणून. किनाऱ्यावरच्या घरांत या दिवसांत उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, सोडे, जवळा निघतात, खाडीतले आणि पहिल्या पावसात ओहोळातून वर चढणारे चढणीचे मासे येतात, आणि रानात टाकळा, भारंगी, कुर्डू, शेवळे उगवतात. शेवळाने घसा खाजतो, म्हणून त्यात काकड्याची आंबट फळे घालायची, हे ज्ञान पिढ्यानपिढ्या बायकांच्या हातात आहे. याच दिवसांत पर्यटकांच्या हॉटेलात मे महिन्याचेच ताट मिळत असेल, तर ते बर्फातल्या मासळीवर उभे आहे असे समजावे. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. एकदाच येणारा गिऱ्हाईक वर्षभर एकच पदार्थ मागतो आणि मालक तो पुरवतो. रोज येणारा असता तर त्याने ऋतू ओळखला असता आणि सुक्या बोंबलाची चटणी मागितली असती. पदार्थांची यादी बारा महिने बदलत नसेल, तर त्या स्वयंपाकघराचा गावच्या बाजाराशी संबंध तुटलेला आहे, ही कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते.

यावर एक मोठा आक्षेप घेतला जातो. खरे, अस्सल, मूळचे असे काही अन्नात असतेच कुठे? मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. बटाटा त्यांच्याच वाटेने, पावही त्यांचाच. उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो दक्षिण अमेरिकेतला. मग कोल्हापूरचा तांबडा रस्सा किंवा वडापाव यांना स्थानिक म्हणण्यात अर्थ काय? आक्षेपातली माहिती पूर्ण खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकतो. जुनेपणावर स्थानिकपणा ठरत असता, तर मिरचीआधीच्या काळातल्या मिऱ्याच्या कालवणाशिवाय काहीच उरले नसते. वडापाव 1960 च्या दशकात दादरच्या स्टेशनबाहेर रुजला आणि तो मुंबईचाच आहे, कारण त्याला घडवले ते लोकलमध्ये चढण्याआधी रोज दोन घास खाणाऱ्या नोकरदारांनी आणि कामगारांनी. तीच गोष्ट कोल्हापूरची. तालमीतला पैलवान, गुळाच्या बाजाराला आलेला शेतकरी आणि शाहू महाराजांनी 1901 पासून सुरू केलेल्या वसतिगृहांमुळे शहरात आलेले खेड्यापाड्यांतले विद्यार्थी, असा रोज खाणारा आणि चोखंदळ वर्ग त्या शहरात होता. पदार्थ कुठून आला यापेक्षा तो कोणाच्या रोजच्या जिभेवर घासून आजच्या रूपाला पोहोचला, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि त्याला बगल देता येत नाही. रोज येणाऱ्यांची ही पंगत सर्वांसाठी खुली नव्हती. खानावळी जातीच्या होत्या, फलकावर जात लिहिलेली असे, आणि दलितांना बहुतेक ठिकाणी उंबऱ्याबाहेर थांबावे लागे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी सत्यसुधारक नावाचे हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होता. स्वतः शाहू महाराज तिथे थांबून चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यायला लावत. 1922 साली निधन होण्यापूर्वी महाराजांनी केलेली ही कृती महाराष्ट्राच्या खाद्येतिहासातली सर्वांत धाडसी घटना आहे असे मी मानतो. पुढे राज्यघटनेच्या 15 व्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहात कोणालाही मज्जाव करता येणार नाही असे सांगितले आणि 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने असा मज्जाव गुन्हा ठरवला. म्हणून जुन्या खानावळीबद्दल हळहळताना तिचा बंद दरवाजाही आठवला पाहिजे. मुंबईतल्या इराण्याच्या संगमरवरी टेबलावर कोणीही कोणाशेजारी बसू शकत होता, आणि त्या मोकळेपणाचे मोल चवीपेक्षा मोठे होते. पण यातून पर्यटकी हॉटेलच बरे, असा निष्कर्ष निघत नाही. रोज येणाऱ्यांचे ताट आणि सर्वांना खुले दार, या दोन्ही गोष्टी आज कायद्याने आणि माणुसकीने एकत्र मागता येतात. आणि स्थानिक जेवण म्हणताना त्यात दलित वस्तीतले, आदिवासी पाड्यावरचे, मुसलमान मोहल्ल्यातले अन्नही धरायला हवे. आजच्या घरगुती ताटांच्या जाहिरातींतून ते बहुतेक वेळा वगळलेलेच असते.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. सगळेच आडवाटेला वळले, तर आडवाटही हमरस्ता होईल. तारकर्लीचा शांत किनारा पुढे कसा गजबजला, ते सर्वांनी पाहिले. हे खरे आहे आणि याला पूर्ण उतारा नाही. तरीही गर्दी नसलेले गाव शोधणे आणि गर्दीच्या गावातही गावकरी जिथे जेवतात ती जागा शोधणे, यांत फरक आहे. पहिल्यात दरवर्षी नवे गाव लागते. दुसऱ्यात जुन्या गावातल्या एसटी स्टँडामागची, कोर्टाशेजारची, बाजार समितीच्या दाराशी असलेली, मासळी बाजाराला लागून असलेली खानावळ पुरते. तिथे वकिलाचा कारकून, ट्रकचा चालक, आडत्याकडचा हमाल रोज जेवत असतो, आणि त्याच्या जोरावर तिथली चव उभी असते. चार प्रवासी जास्त आल्याने ती बिघडत नाही, जोवर जास्त संख्या रोज येणाऱ्यांचीच आहे. तोल उलटला की मात्र बिघडते. म्हणून प्रवाशाने तिथे पाहुणा म्हणून जावे, मालक म्हणून जाऊ नये.

तिथे बसल्यावर आज काय आहे, एवढेच विचारा. जुलैमध्ये सुरमईचा हट्ट धरू नका, उसळ असेल तर उसळ घ्या, आणि अर्ध्या तासाचा उशीर झाला तर सोसा. आणि ताटाच्या किमतीवर घासाघीस करू नका. गिरणगावात ज्या बायकांनी महाराष्ट्राला बाहेर जेवायला शिकवले, त्यांना पहाटेपासून रात्रीपर्यंत राबूनही वाण्याची उधारी फिटत नव्हती. आजच्या घरगुती खानावळीतही चुलीशी बहुतेक वेळा बाईच उभी असते, आणि तिच्या श्रमाची पूर्ण किंमत देणे तुमच्या हातात आहे.